हवामानबदलावरील वैज्ञानिक एकमत कसे मोजायचे: शोधनिबंधांच्या मोजणीची पायरीवार पद्धत

"हवामानबदल मानवनिर्मित आहे, असे ९७ टक्के शास्त्रज्ञ म्हणतात" असे लिहिणाऱ्या बहुतेकांना तो आकडा नेमका कशापैकी ९७ टक्के आहे हे सांगता येत नाही. "खरा आकडा एक टक्कासुद्धा नाही" म्हणत तो खोडायला निघालेलेही त्याच जागी घसरतात. दोघांची गल्लत छेदाची आहे.

ही पद्धत तीन-चार जणांच्या गटासाठी आहे: विद्यार्थी, पत्रकार, अभ्यासमंडळे. शोधनिबंधांचे गोषवारे वाचून त्यांची वर्गवारी करायची आणि त्यातून एकमताचा आकडा काढायचा, एवढेच काम. आधी झालेल्या मोजण्या पडताळायच्या असतील तरी याच पायऱ्या लागतात. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. यातल्या निम्म्या चुका गोषवारे आधी आणि नियम मागाहून ठरवल्याने होतात.

## १. प्रश्न एका वाक्यात लिहा

"हवामानबदलावर एकमत आहे का?" हा मोजता येणारा प्रश्न नाही. त्याच्या पोटात निदान चार प्रश्न आहेत:

- पृथ्वीचे सरासरी तापमान वाढले आहे का?
- त्या वाढीत माणसाचा हात आहे का?
- विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या वाढीत निम्म्याहून अधिक वाटा माणसाचा आहे का?
- पुढची वाढ घातक ठरेल का?

पहिल्या तिन्हींना मिळणारा होकार थोडाथोडा वेगळा असतो. चौथा तर वेगळ्याच जातीचा प्रश्न आहे. "घातक" कशाला म्हणायचे हे तापमापक सांगत नाही. यातला एकच निवडा आणि कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवा.

तिसरा प्रश्न सर्वांत काटेकोर, आणि त्याची भाषा तयार मिळते. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या) २०१३ च्या पाचव्या मूल्यांकन अहवालात १९५१ ते २०१० या काळातील तापमानवाढीपैकी निम्म्याहून अधिक वाढ मानवी कारणांनी झाली असणे "अत्यंत संभाव्य" आहे, असे विधान आहे. पण काटेकोर प्रश्नाचा एक तोटा आधीच ध्यानात घ्या: गोषवाऱ्यात टक्केवारीचा वाटा लिहिणारे निबंध फार थोडे असतात. त्याची किंमत आठव्या पायरीत मोजावी लागेल.

तपासा: गटातील प्रत्येकाला प्रश्न आपल्या शब्दांत लिहायला सांगा. कोणी "कारण" लिहिले आणि कोणी "मुख्य कारण", तर प्रश्न अजून ठरलेला नाही.

## २. छेद ठरवा: कोणाचे एकमत?

तीन गोष्टी मोजता येतात: निबंध, माणसे किंवा संस्थांची निवेदने. संस्थांची निवेदने गोळा करणे सोपे आहे. त्यातून यादी मिळते, टक्केवारी नाही. म्हणून ती सोडून देऊ.

माणसे मोजायची तर "शास्त्रज्ञ" कोणाला म्हणायचे यावर आकडा हलतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या डोरन आणि झिमरमन यांच्या सर्वेक्षणात १०,२५७ भूशास्त्रज्ञांना निमंत्रण गेले होते आणि ३,१४६ जणांनी उत्तरे दिली. मानवी व्यवहार हे तापमान बदलण्यातले लक्षणीय कारण आहे का, या प्रश्नाला सर्वांमध्ये ८२ टक्के होकार आला. हवामानशास्त्र हेच ज्यांचे क्षेत्र आणि ज्यांचे अलीकडचे निम्म्याहून अधिक निबंध हवामानबदलावर, अशा तज्ज्ञांपैकी ७७ जणांनी या प्रश्नाला उत्तर दिले. त्यातले ७५ हो म्हणाले, म्हणजे ९७.४ टक्के. सर्वेक्षण एकच, प्रश्न तोच, आणि छेद बदलल्यावर आकड्यात पंधरा टक्क्यांचा फरक. शिवाय त्यांच्या प्रश्नात "लक्षणीय" होते, "मुख्य" नव्हते. हे सर्वेक्षण उद्धृत करताना तो शब्द जवळजवळ नेहमी गळतो.

उलट्या बाजूचे उदाहरण म्हणजे मानवनिर्मित तापमानवाढीचा धोका नाकारणारी अमेरिकेतील ओरेगॉन याचिका. तिच्यावर एकतीस हजारांहून अधिक सह्या आहेत आणि सहीसाठी विज्ञानशाखेतील पदवी पुरेशी होती. एकतीस हजार हा अंश झाला. छेद म्हणजे तशी पदवी असलेली सगळी माणसे, आणि तो कोणीच लिहीत नाही. छेद नसलेल्या संख्येची टक्केवारी होत नाही, मग संख्या कितीही मोठी असो.

निबंध मोजताना हा घोळ कमी होतो. निबंध पिअर रिव्ह्यूमधून, म्हणजे छापण्याआधी इतर तज्ज्ञांच्या तपासणीतून, गेलेला असला की झाले. म्हणून पुढची पद्धत निबंधांची आहे. माणसांच्या सर्वेक्षणाबद्दल नवव्या पायरीत थोडक्यात येईल.

इशारा: निबंध मोजून आलेला आकडा "इतके टक्के शास्त्रज्ञ" असा लिहिता येत नाही. एका माणसाचे वीस निबंध असू शकतात आणि एका निबंधाला वीस लेखक.

## ३. तयारी

- वर्गवारी करणारे किमान तीन जण. दोघे वाचतील, तिसरा वाद सोडवेल. तिघांना इंग्रजी गोषवारा शब्दकोशाविना वाचता आला पाहिजे.
- वेब ऑफ सायन्स किंवा स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचींपैकी एकीचा प्रवेश, बहुधा विद्यापीठाच्या ग्रंथालयातून. फुकटच्या सर्वसाधारण शोधयंत्रावर अवलंबून राहू नका. तिथे प्रबंध, अहवाल, पत्रके सगळे एकत्र येते, आणि आज दिसलेली यादी उद्या तशीच दिसेल याची हमी नसते.
- एक स्प्रेडशीट. रकाने: अनुक्रमांक, डीओआय (प्रत्येक निबंधाचा कायमचा ओळख-क्रमांक), वर्ष, शीर्षक, गोषवारा, पहिल्याचा दर्जा, दुसऱ्याचा दर्जा, अंतिम दर्जा, टीप.
- वाचणाऱ्यांसाठी वेगळी प्रत, जिच्यात लेखक, संस्था आणि नियतकालिकाचे नाव नसेल. ही प्रत कुठल्याही वाचणाऱ्याने बनवू नये.
- वेळ. एका गोषवाऱ्याला दोन ते तीन मिनिटे धरा. हजार गोषवारे दोघांनी वाचायचे म्हणजे प्रत्येकाचे तेहतीस ते पन्नास तास. "दोन रविवारांत उरकू" म्हणणाऱ्याला गटात घेऊ नका.

## ४. शोधाची ओळ पक्की करा

शोधशब्द, वर्षे आणि दस्तऐवजाचा प्रकार या तीन गोष्टी ठरल्या की ती ओळ जशीच्या तशी, अवतरणचिन्हांसकट, तारीख टाकून जपून ठेवा. हे क्षुल्लक वाटते. विज्ञान-इतिहासकार नेओमी ओरेस्केस यांनी २००४ साली "सायन्स" या नियतकालिकात ९२८ गोषवाऱ्यांचा अभ्यास मांडला. त्यात शोधशब्द "क्लायमेट चेंज" असा छापला गेला. प्रत्यक्षात तो "ग्लोबल क्लायमेट चेंज" होता. नुसत्या "क्लायमेट चेंज"ने शोधणाऱ्यांना कितीतरी जास्त निबंध सापडले, ९२८ चा मेळ बसेना, आणि शेवटी दुरुस्ती छापावी लागली. निष्कर्ष बदलला नाही, पण एका गळालेल्या शब्दाने टीकाकारांना आयता दारूगोळा मिळाला.

शोधशब्द भूमिकेला तटस्थ हवेत. "मानवनिर्मित तापमानवाढ" या अर्थाचा शब्द घातलात तर होकार आपोआप फुगतो. "नैसर्गिक चक्र", "सौर कारण" असे शब्द घातलेत तर नकार फुगतो. नकार देणारे निबंध खास हुडकण्यासाठी असे शब्द वापरता येतात, पण ती वेगळी मोजणी आहे. तिचे निबंध मुख्य नमुन्यात ओतायचे नाहीत.

दस्तऐवजाचा प्रकार फक्त मूळ शोधनिबंध ठेवा. संपादकीय, पत्रे, ग्रंथपरीक्षणे वगळा.

मग गाळणी करा. गाळलेल्या प्रत्येक निबंधाचे कारण लिहा. कुक आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात हा हिशेब चोख आहे: १९९१ ते २०११ या काळातले १२,४६५ निबंध सापडले, त्यातले १८६ पिअर रिव्ह्यूचे नव्हते, २८८ हवामानाशी संबंधित नव्हते, ४७ ना गोषवाराच नव्हता. उरले ११,९४४. तुमचीही वजाबाकी अशी शेवटच्या निबंधापर्यंत जुळली पाहिजे.

तपासा: डीओआयनुसार क्रम लावून दुबार नोंदी काढा. मग शीर्षकानुसार पुन्हा एकदा. परिषदेत वाचलेला आणि नंतर नियतकालिकात आलेला एकच निबंध डीओआयच्या चाळणीतून निसटतो.

## ५. नमुना काढा

आजच्या घडीला सगळे निबंध वाचणे कोणालाच शक्य नाही. लायनस आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये केलेल्या अभ्यासात २०१२ पासूनचे ८८,१२५ निबंध सापडले. त्यांनी यादृच्छिक पद्धतीने ३,००० उचलले. त्यातलेही २८२ वाचताना विषयाबाहेरचे निघाले. म्हणजे हजार गोषवारे हवे असतील तर अकराशेहून थोडे जास्त उचला. नऊ-दहा टक्के गळती धरूनच चला.

नमुना किती मोठा हवा? इथे बहुतेक जण एक पाऊल विसरतात. आकडा ९७ टक्क्यांच्या आसपास येईल आणि चूक अधिक-उणे १ टक्क्यात हवी असेल तर सूत्र असे (१.९६ हा ९५ टक्के विश्वासासाठीचा ठरलेला गुणक):

१.९६ × १.९६ × ०.९७ × ०.०३ ÷ (०.०१ × ०.०१) = सुमारे १,११८

पण हे १,११८ भूमिका घेणारे निबंध झाले. गोषवाऱ्यात भूमिका साधारण तीनांतला एकच घेतो, म्हणून वाचायला लागतील ३,३०० च्या पुढे. हजार गोषवाऱ्यांत भूमिका घेणारे ३३० च्या आसपास मिळतात आणि चूक अधिक-उणे १.८ टक्क्यांपर्यंत जाते. छोट्या गटाला एवढे पुरे आहे. ३,३०० च्या मागे लागून निष्काळजी वाचण्यापेक्षा हजार नीट वाचा.

यादृच्छिक क्रमांक स्प्रेडशीटकडून घ्या आणि लगेच "फक्त किमती" (पेस्ट व्हॅल्यूज) म्हणून चिकटवा. नाहीतर पुढची प्रत्येक नोंद करताना क्रमांक पुन्हा नव्याने पडतात आणि नमुना हातातून निसटतो. तो परत मिळवता येत नाही.

इशारा: सर्वाधिक उद्धृत झालेले पहिले हजार निबंध म्हणजे नमुना नव्हे. सूचीने "सुसंगत" म्हणून वर आणलेले हजारही नव्हेत.

## ६. वर्गवारीची नियमपुस्तिका लिहा

सगळ्या कामाचा जीव इथे आहे. कुक यांच्या अभ्यासातील सात दर्जे वापरा; त्यामुळे तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील.

1. स्पष्ट होकार, वाट्यासह. "गेल्या अर्धशतकातील तापमानवाढीचा बहुतांश भाग मानवी उत्सर्जनातून आला आहे."
2. स्पष्ट होकार, वाटा न सांगता. "मानवी उत्सर्जनामुळे पृथ्वी तापत आहे."
3. गृहीत होकार. "तापमानवाढ रोखण्यासाठी सिमेंट उद्योगातील कार्बन उत्सर्जन घटवण्याचे मार्ग आम्ही तपासले."
4. भूमिका नाही किंवा अनिश्चितता.
5. गृहीत नकार. "अलीकडची वाढ नैसर्गिक दोलनांतून उलगडता येते."
6. स्पष्ट नकार, वाटा न सांगता. "मानवी उत्सर्जन हे या वाढीचे कारण असल्याचा पुरावा आढळत नाही."
7. स्पष्ट नकार, वाट्यासह. "मानवी वाटा निम्म्याहून खूपच कमी आहे."

अवतरणातली वाक्ये नमुन्यादाखल रचलेली आहेत. नियमपुस्तिकेत प्रत्येक दर्जाला अशी पाच-सहा वाक्ये हवीत आणि खाली सीमेवरची प्रकरणे. गोंधळ नेहमी त्याच ठिकाणी होतो:

परिणामांचे निबंध. "तापमान दोन अंशांनी वाढल्यास गव्हाच्या उत्पादनावर काय परिणाम होईल" यात वाढ कशामुळे होते याबद्दल अवाक्षर नाही. दर्जा ४. वाचणाऱ्याचा हात सारखा ३ कडे जातो, तो थोपवा. तेच वाक्य "उत्सर्जन असेच चालू राहिल्यास तापमान दोन अंशांनी वाढून" असे असेल तर ३.

प्राचीन हवामानाचे निबंध. लाखो वर्षांपूर्वी माणसाशिवाय तापमान बदलले, हे आजच्या वाढीबद्दलचे मत नाही. दर्जा ४.

सूर्य. "सौर चक्राचा पृष्ठभागाच्या तापमानावर परिणाम दिसतो" हा नकार नाही. सूर्याचा परिणाम सगळेच मान्य करतात. आजच्या वाढीतला मोठा वाटा सूर्याला दिला तरच ५ ते ७.

सल्फेटचे कण. "मानवनिर्मित कणांमुळे थंडावा आला" असे वाचून नकार टाकू नका. कण वाढीचा काही भाग झाकतात, असे हा निबंध म्हणतो. हरितगृह वायूंचा उल्लेख कसा आहे ते पाहून २, ३ किंवा ४.

संवेदनशीलता. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर तापमान किती वाढेल याचा अंदाज कमी निघाला, म्हणून नकार ठरत नाही. वाढ किती हा एक प्रश्न आणि कोणामुळे हा दुसरा.

एक गोषवारा जवळून पाहू. समजा तो असा आहे: "हिमनदीची जाडी वीस वर्षांत घटली. स्थानिक तापमान आणि हिमवृष्टीच्या नोंदींशी ही घट जुळते. मानवनिर्मित तापमानवाढीच्या पार्श्वभूमीवर अशा नोंदी महत्त्वाच्या आहेत." पहिली दोन वाक्ये ४ ची आहेत. तिसऱ्यातील "मानवनिर्मित" या एका विशेषणाने तो ३ होतो, कारण लेखकाने वाढ मानवनिर्मित असल्याचे धरूनच वाक्य लिहिले आहे. २ होत नाही. तसे विधान केलेले नाही. हे विशेषण ओवाळून टाकल्यासारखे येते, त्याला किती वजन द्यायचे यावर वाद होतो, आणि तो रास्त आहे. म्हणूनच निर्णय नियमपुस्तिकेत लिहायचा आणि हजारही गोषवाऱ्यांना सारखा लावायचा.

इशारा: गोषवाऱ्याबाहेर पाहू नका. "हे लेखक तर प्रसिद्ध आहेत, त्यांचे मत मला ठाऊक आहे" हे वाक्य ऐकू आले तर तो दर्जा रद्द करून गोषवारा दुसऱ्याकडे द्या.

## ७. चाचणी, मग वाचन

मुख्य नमुन्यात नसलेले निबंध घेऊन चाचणी करा. दोघांनी न बोलता दर्जे द्यायचे आणि मग जुळणी मोजायची. नुसती "किती जुळले" ही टक्केवारी फसवी असते, कारण बहुतेक गोषवारे ४ मध्ये पडतात आणि डोळे मिटून ४ लिहिणारेही बरेच जुळतात. म्हणून कोहेनचा कप्पा काढा, म्हणजे योगायोगाने होणारी जुळणी वजा करून उरलेली जुळणी सांगणारा आकडा.

समजा २०० गोषवाऱ्यांच्या चाचणीत दोघांनी मिळून ५८ ना होकार आणि ११८ ना "भूमिका नाही" दिले. उरलेल्या २४ वर मतभेद: १० ठिकाणी पहिल्याचा होकार, १४ ठिकाणी दुसऱ्याचा. प्रत्यक्ष जुळणी १७६ ÷ २०० = ०.८८. पहिल्याने ३४ टक्क्यांना आणि दुसऱ्याने ३६ टक्क्यांना होकार दिला. म्हणून योगायोगाने होणारी जुळणी ०.३४ × ०.३६ + ०.६६ × ०.६४ = ०.५४५. कप्पा = (०.८८ − ०.५४५) ÷ (१ − ०.५४५), म्हणजे सुमारे ०.७४. ०.७ च्या वर असेल तर पुढे जा. खाली असेल तर माणसांना दोष न देता नियमपुस्तिका उघडा: मतभेदाचे गोषवारे काढून पाहिले की बहुतेक वेळा दोन-तीन नियमच धूसर निघतात.

प्रत्यक्ष वाचताना:

- प्रत्येक वाचणाऱ्याला गोषवारे वेगवेगळ्या क्रमाने द्या. नाहीतर दोघेही शेवटच्या शंभरात सारखेच थकलेले असतात.
- एका बैठकीत तीस-चाळीस. त्यापुढे सगळेच ३ दिसू लागते.
- आधी वाचलेले वीस-पंचवीस गोषवारे मध्येच पुन्हा पेरा. स्वतःचाच दर्जा बदललेला दिसला तर मोजपट्टी सरकली आहे.
- सगळे दर्जे देऊन होईपर्यंत चर्चा नाही.

मतभेद होणारच, ते लपवू नका. कुक यांच्या अभ्यासात पहिल्या फेरीत ३३ टक्के ठिकाणी दर्जे जुळले नव्हते. वाचणाऱ्यांना नाव न कळता एकमेकांची कारणे दाखवून फेरविचाराची संधी दिली गेली, तेव्हा ते प्रमाण १६ टक्क्यांवर आले. राहिलेले तिसऱ्याने सोडवले. हाच क्रम ठेवा: स्वतंत्र दर्जा, फेरविचार, तिसरा.

नकाराचे दर्जे मोजकेच येतील, हजारांत कदाचित तीन-चार. एखादा इकडचा तिकडे झाला तरी आकडा हलतो, म्हणून ते तिघांनी पुन्हा पाहावेत. पण फक्त नकारच फेरतपासणीला गेले तर तपासणी एकतर्फी होते. त्यांच्यात तेवढेच होकार आणि तेवढेच ४ मिसळा, दर्जे झाका, आणि मग तिघांपुढे ठेवा.

## ८. आकडा काढा

कुक यांच्या अभ्यासाचे अंतिम आकडे समोर ठेवू. दर्जा १: ६४. दर्जा २: ९२२. दर्जा ३: २,९१०. भूमिका नाही: ७,९३०. अनिश्चित: ४०. दर्जा ५: ५४. दर्जा ६: १५. दर्जा ७: ९. एकूण ११,९४४. याच एका ताटातून चार आकडे वाढता येतात:

- होकार भागिले सगळे निबंध: ३,८९६ ÷ ११,९४४ = ३२.६ टक्के.
- होकार भागिले भूमिका घेणारे (अनिश्चित धरून): ३,८९६ ÷ ४,०१४ = ९७.१ टक्के.
- फक्त दर्जा १ भागिले सगळे: ६४ ÷ ११,९४४ = ०.५ टक्के.
- दर्जा १ विरुद्ध दर्जा ७: ६४ ÷ ७३ = ८७.७ टक्के.

चारही भागाकार बरोबर आहेत. पहिला एकमत मोजत नाही, कारण गप्प असलेल्याला विरोधक मानतो. पेशीतील प्रथिनांवरचा निबंध आनुवंशिकता डीएनएतून येते असे गोषवाऱ्यात सांगत बसत नाही. तेवढ्यावरून लेखकाला शंका आहे असे कोणी धरत नाही. तिसऱ्या आकड्यात तोच दोष अधिक तीव्र आहे, अंशावर कात्री चालवून छेद सबंध ठेवलेला आहे. "एक टक्कासुद्धा नाही" हे विधान याच कारखान्यातून निघते. चौथा प्रामाणिक आहे, "मुख्य कारण" या काटेकोर प्रश्नाला तोच सर्वांत जवळचा आहे, पण उभा आहे फक्त ७३ निबंधांवर. दुसरा रूढ आकडा. मात्र त्यात दर्जा २ आणि ३ आहेत, ज्यांत "माणूस कारण" एवढेच आहे, "मुख्य कारण" असा शब्द नाही. पहिल्या पायरीत "मुख्य" प्रश्न घेतला असेल तर हे वाक्य आकड्याला चिकटूनच छापावे लागेल. ते तळटीपेत ढकलू नका.

आता अनिश्चितता. समजा ४०० गोषवाऱ्यांत १५० नी भूमिका घेतली. १४७ होकार, ३ नकार. होकार ९८ टक्के. शाळेतले अधिक-उणेचे सूत्र लावले तर ९५.८ ते १००.२ टक्के येते. शंभराच्या वर गेलेली टक्केवारी दिसली की सूत्र चुकीच्या जागी वापरले आहे हे ओळखा. टोकाच्या आकड्यांना विल्सनचे अंतराल (खरा आकडा ज्या दोन टोकांत असल्याचा ९५ टक्के विश्वास धरता येतो ती पट्टी) लावतात; तेच गणित ९४.३ ते ९९.३ टक्के देते.

आणि एकही नकार सापडला नाही तर? "१०० टक्के" लिहू नका. तीन भागिले नमुना, ही नकाराची ९५ टक्के विश्वासाची वरची मर्यादा. ओरेस्केस यांच्या ९२८ मध्ये नकार शून्य होता. त्यांपैकी भूमिका घेणारे सुमारे ७५ टक्के, म्हणजे ६९६. ३ ÷ ६९६ = ०.४३ टक्के. नकार तेवढ्यापर्यंत असू शकत होता, एवढेच त्या शून्यातून कळते.

तपासा: लायनस यांच्या अभ्यासात २,७१८ पैकी ४ निबंध नकाराचे होते. छेद सगळा धरला तर होकार किंवा मौन ९९.८५ टक्के, भूमिका न घेणारे १,८६९ वगळले तर ८४९ पैकी ८४५, म्हणजे ९९.५३. तुमच्या अहवालातही दोन्ही छेदांचे आकडे शेजारी-शेजारी हवेत. एकच देणाऱ्या अहवालाकडे संशयाने पाहा, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

## ९. दुसऱ्या वाटेने पडताळा

तुमचा दर्जा तुमच्या वाचनाचा आहे. लेखकांना स्वतःच्या निबंधाला दर्जा द्यायला सांगणे ही त्यावरची सर्वांत चांगली तपासणी. कुक यांच्या गटाने ८,५४७ लेखकांना पत्रे पाठवली. १,२०० जणांची उत्तरे आली, आणि गाळणीनंतर १,१८९ लेखकांनी २,१४२ निबंधांना दिलेले दर्जे उरले. लेखकांच्या मते भूमिका न घेणारे निबंध ३५.५ टक्केच होते, कारण ते पूर्ण निबंध डोळ्यांपुढे ठेवून उत्तर देत होते. भूमिका घेणाऱ्यांत होकार ९७.२ टक्के. म्हणजे गोषवारा वाचताना मौन जास्त दिसते, होकार-नकाराचे प्रमाण मात्र फारसे ढळत नाही. छोट्या गटाने शंभर लेखकांना लिहिले तरी चालेल. उत्तरे थोडी येतील, आणि किती आली हे छापायचे.

माणसांचेच सर्वेक्षण करणार असाल तर तीन गोष्टी सांभाळा. तज्ज्ञता उत्तर देणाऱ्याच्या शब्दावर न ठेवता त्याच्या निबंधांच्या यादीवरून ठरवा. प्रतिसादाचे प्रमाण आकड्यालगत लिहा. आणि तज्ज्ञतेच्या पायऱ्यांनुसार निकाल वेगवेगळा द्या. मायर्स आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या सर्वेक्षणात तशा पायऱ्या आहेत: सहमती ९१ पासून १०० टक्क्यांपर्यंत, तज्ज्ञतेबरोबर साधारणतः वाढत जाणारी, स्वतंत्रपणे खातरजमा केलेल्या १५३ हवामानतज्ज्ञांत ९८.७ टक्के.

## १०. निकालाचे वाक्य लिहा

चुकीचे: "९८ टक्के शास्त्रज्ञ हवामानबदल मानतात."

बरोबर: "अमुक सूचीत अमुक वर्षांत प्रसिद्ध झालेल्या, अमुक शब्दांनी सापडलेल्या निबंधांच्या ४०० च्या यादृच्छिक नमुन्यात १५० गोषवाऱ्यांनी तापमानवाढीच्या कारणाबद्दल भूमिका घेतली, त्यांपैकी १४७ नी ती मानवनिर्मित असल्याचे म्हटले किंवा गृहीत धरले (९८ टक्के, ९५ टक्के विश्वास-अंतराल ९४.३ ते ९९.३)."

लांब आहे, पण त्यातला एकही तुकडा काढता येत नाही. मथळ्यासाठी छोटे करायचेच असेल तर "निबंध" हा शब्द आणि छेद राखा.

आणखी एक गल्लत इथे हमखास होते. आयपीसीसीच्या भाषेत "अत्यंत संभाव्य" म्हणजे ९५ ते १०० टक्के शक्यता. ही पुराव्यावरून काढलेली शक्यता आहे. ९५ टक्के लेखकांनी हात वर केले असा तिचा अर्थ नाही. एकमताचे ९७ टक्के आणि ही ९५ टक्के एका आलेखात काढू नका, एका वाक्यात जोडू नका. त्याच संस्थेच्या २०२१ च्या अहवालात मानवी प्रभावाने वातावरण, समुद्र आणि जमीन तापली हे निर्विवाद असल्याचे म्हटले आहे आणि १८५०–१९०० पासून २०१०–२०१९ पर्यंतच्या मानवनिर्मित वाढीचा सर्वोत्तम अंदाज १.०७ अंश सेल्सिअस दिला आहे. हे मोजमाप तापमानाचे आहे. तुमचे मोजमाप साहित्याचे आहे. एकाने दुसरे सिद्ध होत नाही, आणि तुमच्या अहवालाने तसा आव आणू नये.

शेवटी अहवालासोबत या फायली जोडा: शोधाची ओळ आणि तारीख, गाळणीचा हिशेब, यादृच्छिक क्रमांक, नियमपुस्तिकेच्या सगळ्या आवृत्त्या, दोघांचे मूळ दर्जे (फेरविचाराआधीचे सुद्धा), कप्पा, आणि सगळे डीओआय. गोषवाऱ्यांचा मजकूर जोडू नका. त्याचे हक्क प्रकाशकांचे असतात, आणि डीओआयवरून कोणालाही तो काढता येतो. वाचणाऱ्यांची नावे दर्जांशी जोडू नका. "वाचक क", "वाचक ख" पुरे.